पदवी अभ्यासक्रमातील समाजशास्त्र : आशय, पद्धती आणि उपयोग

लोकशाही राज्यव्यवस्थेत विकासाचे कार्य केवळ निधीच्या तरतुदीने किंवा नियमांच्या अंमलबजावणीने पुरे होत नाही. ज्या समाजासाठी योजना आखावयाची त्या समाजाची घडण, त्यातील परस्परसंबंध, रूढी आणि विषमता यांचे ज्ञान असल्याखेरीज चांगली योजनाही गावाच्या वेशीवर अडखळते. हे ज्ञान पद्धतशीरपणे देणारा विषय म्हणजे समाजशास्त्र होय. महाराष्ट्रातील कला महाविद्यालयांत हा विषय पदवी पातळीवर शिकविला जातो आणि तो निवडणाऱ्यांत ग्रामीण भागातून येणाऱ्या मुलामुलींचे प्रमाण मोठे आहे. तालुक्याच्या गावी एस.टी.ने ये-जा करून शिकणारे हे विद्यार्थी पुष्कळदा आपल्या घरातील पदवीपर्यंत पोहोचणारी पहिलीच पिढी असतात.

हा विषय अनेकदा "सोपा" म्हणून निवडला जातो. कुटुंब, विवाह, जात, गाव हे सारे ओळखीचे. त्यात नवे शिकण्यासारखे काय, अशी समजूत त्यामागे असते. वस्तुतः खरी अडचण येथेच आहे. जे रोज डोळ्यांसमोर असते त्याविषयी प्रश्न पडत नाहीत, आणि प्रश्न पडत नाहीत तोपर्यंत अभ्यास सुरू होत नाही. ओळखीच्या गोष्टीकडे परक्याच्या नजरेने पाहावयास शिकणे हा या विषयाचा पहिला पाठ आहे. यांपैकी कितीतरी विद्यार्थी पुढे तलाठी, शिक्षक, अंगणवाडी पर्यवेक्षिका किंवा पंचायत सदस्य होतात. म्हणून ते वर्गात काय व कसे शिकतात, हा प्रश्न केवळ प्राध्यापकांचा राहत नाही. तो प्रशासनाचा आणि पंचायतींचाही होतो.

विषयाचा उगम व महाराष्ट्राची परंपरा

"समाजशास्त्र" या शास्त्राला नाव दिले ते ऑगस्त काँत या फ्रेंच विचारवंताने, १८३८ च्या सुमारास. औद्योगिक क्रांती आणि फ्रेंच राज्यक्रांती यांमुळे युरोपातील जुनी समाजव्यवस्था ढासळत असता, नव्या व्यवस्थेचे नियम शोधण्याच्या गरजेतून हे शास्त्र जन्मास आले. पुढे कार्ल मार्क्स, एमिल द्युर्केम आणि मॅक्स वेबर यांनी त्याचा पाया घातला. पदवीच्या विद्यार्थ्यास या तिघांचा परिचय करून घ्यावाच लागतो.

भारतात या विषयाच्या विद्यापीठीय अध्यापनाचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. नगररचनाकार म्हणून ख्यातनाम असलेले पॅट्रिक गेडिस हे त्याचे पहिले प्रमुख. त्यांच्यानंतर १९२४ मध्ये विभागाची सूत्रे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. मालवणात १८९३ साली जन्मलेले घुर्ये मूळचे संस्कृतचे विद्यार्थी. केंब्रिज येथे मानवशास्त्राचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९५९ पर्यंत त्यांनी या विभागाचे नेतृत्व केले. जातिसंस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई यांसारखे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समाजशास्त्र संस्थेमागेही त्यांचीच प्रेरणा होती.

परंतु महाराष्ट्रातील समाजचिंतनाची परंपरा विद्यापीठीय विभागापूर्वीची आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये "गुलामगिरी" आणि १८८३ मध्ये "शेतकऱ्याचा असूड" लिहून शूद्रातिशूद्रांच्या व शेतकऱ्यांच्या दैन्याची सामाजिक कारणे मांडली. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा भारतीय जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्ये निघाला. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या "गावगाडा" या ग्रंथात वतनदार, बलुतेदार, फिरस्ते आणि कुणबी यांच्या परस्परसंबंधांचे बारकाईने वर्णन केले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचा "भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न" हा ग्रंथ १९३३ मधील. यांपैकी कोणीही समाजशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. तरीही मराठीतून हा विषय शिकणाऱ्यास त्यांना वगळून पुढे जाता येत नाही.

अभ्यासक्रमाची रचना

निरनिराळ्या विद्यापीठांत तपशिलाचा फरक असला तरी अभ्यासक्रमाचा गाभा सर्वसाधारणपणे सारखाच आढळतो. पहिल्या वर्षी समाज, समूह, संस्था, दर्जा, भूमिका, सामाजीकरण, सामाजिक नियंत्रण आणि सामाजिक स्तरीकरण या मूलभूत संकल्पनांचा परिचय होतो. दुसऱ्या वर्षी भारतीय समाजाची रचना व त्यातील समस्या, तसेच पाश्चात्त्य व भारतीय विचारवंत यांचा अभ्यास येतो. तिसऱ्या वर्षी ग्रामीण, नागरी, औद्योगिक, आदिवासी वा स्त्रीविषयक समाजशास्त्र अशा शाखांबरोबर सामाजिक संशोधनपद्धतीचा समावेश असतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या वर्षापासून नवी रचना लागू झाली. तीत मुख्य विषय व गौण विषय, श्रेयांक पद्धती आणि तीन वर्षांच्या पदवीबरोबरच चार वर्षांच्या सन्मान पदवीचा पर्याय आहे. समाजशास्त्राच्या दृष्टीने तीतील सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे क्षेत्रप्रकल्प आणि लोकसहभागाचे उपक्रम यांना मिळालेले श्रेयांक. जे काम पूर्वी उत्साही प्राध्यापकांच्या आवडीवर अवलंबून होते त्यास आता अभ्यासक्रमात अधिकृत स्थान मिळाले आहे. त्याचे सोने करावयाचे की केवळ एक वही भरून घ्यावयाची, हे महाविद्यालयांच्या हाती आहे.

संकल्पना म्हणजे काय : एका चुलीचे उदाहरण

संकल्पनांच्या व्याख्या पाठ करणे म्हणजे समाजशास्त्र शिकणे नव्हे. संकल्पना हे पाहण्याचे साधन आहे, हे एका साध्या प्रश्नावरून ध्यानी येईल. गावात कुटुंबे किती?

प्रश्न सरळ दिसतो. उत्तर सरळ नाही. एका वाड्यात वृद्ध आईवडील व दोन विवाहित भाऊ राहतात. चुली दोन झाल्या आहेत. सातबारावर नावे एकत्र आहेत. शिधापत्रिका तीन आहेत. धाकटा भाऊ पुण्यास कारखान्यात असून दरमहा घरी पैसे पाठवितो. त्याची पत्नी व मुले गावीच आहेत. हे कुटुंब एक, दोन, की तीन? जनगणनेत एकत्र राहणारी व एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे हे एक कुटुंब धरले जाते. महसुली नोंद जमिनीकडे पाहते, पुरवठा खाते शिधापत्रिकेकडे. प्रत्येक खात्याचे उत्तर त्याच्या कामापुरते बरोबर असते. मात्र एकाचा आकडा दुसऱ्याच्या कामी वापरला की घोटाळा होतो.

याच प्रश्नाचा शास्त्रीय विचार आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा या गावाच्या पाहणीत केला. त्यांचा ग्रंथ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगळे राहणारी कुटुंबेही मालमत्ता, देवघेव आणि परस्परांविषयीची कर्तव्ये या धाग्यांनी एकत्र बांधलेली असू शकतात, असे त्यांनी दाखविले. एकत्र कुटुंब मोडले असे म्हणण्यापूर्वी चूल, छप्पर, जमीन, पैसा आणि कर्तव्य यांपैकी नेमके काय वेगळे झाले ते पाहिले पाहिजे, हा त्याचा इत्यर्थ. घरकुलाच्या लाभार्थींची यादी करणाऱ्या पंचायत सदस्यास हा भेद पुस्तकाबाहेर रोज भेटतो.

आकडा आणि त्यामागील समाज

समाजशास्त्र आकड्यांना नाकारीत नाही. आकड्यामागे काय दडले आहे ते विचारते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र हेच प्रमाण ११२२ होते. एवढ्यावरून रत्नागिरीत मुलींचे अधिक स्वागत होते असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल. कारण शून्य ते सहा या वयोगटातील प्रमाण तेथेही हजाराच्या खालीच होते. स्त्रियांची संख्या अधिक दिसते ती कामाच्या वयाचे पुरुष मुंबईस गेल्यामुळे. मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि कचेऱ्या यांच्याशी कोकणचे जे नाते पिढ्यान्‌पिढ्या जडले, ते या एका आकड्यात उमटले आहे. घरची शेती, वृद्धांची शुश्रूषा आणि मुलांचे शिक्षण हे सारे सांभाळणाऱ्या कोकणातील स्त्रीचे जीवनही त्यातच आहे.

शून्य ते सहा वयोगटाचा राज्यातील आकडा वेगळीच कथा सांगतो. दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ असे घसरत गेले. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये ते अवघे ८०७ होते. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. कायदा असूनही घसरण का झाली, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे. शिक्षण व संपन्नता वाढली की अशा प्रथा आपोआप मावळतात, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

द्युर्केमने १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्महत्येवरील ग्रंथाचे महत्त्व याच ठिकाणी कळते. आत्महत्या ही अत्यंत वैयक्तिक वाटणारी घटना. तथापि तिचे प्रमाण समाजासमाजांत वेगळे असते आणि त्या फरकाची कारणे व्यक्तीच्या मनात नव्हे, तर समाजाच्या बांधणीत शोधावी लागतात, असे त्याने दाखविले. विदर्भातील अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांनी विशेष साहाय्य जाहीर केले होते. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर होणारी चौकशी स्वाभाविकपणे त्या व्यक्तीच्या कर्जाकडे, आजाराकडे वा घरगुती कलहाकडे पाहते. समाजशास्त्राचा विद्यार्थी त्यापुढचा प्रश्न विचारतो. कर्ज, आजार आणि कलह सर्वत्रच असतात. मग काही भागांतच हे प्रमाण का वाढले? कोरडवाहू कापूस, सावकारी पत, मुलीच्या लग्नाचा खर्च आणि अडचणीच्या वेळी पाठीशी उभे राहणाऱ्या आप्तांचे विरलेले जाळे यांचा एकत्रित विचार केल्यावाचून या प्रश्नास हात घालता येत नाही.

जात, आप्तसंबंध आणि सत्ता

महाराष्ट्रातील वर्गात सर्वांत नाजूक प्रकरण अर्थातच जातीचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. म्हणजे आजच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याहून फारसे अधिक नव्हे. जातीबाहेर विवाह न करण्याचा निर्बंध, म्हणजेच अंतर्विवाह, हे जातिसंस्थेचे मूळ लक्षण आहे आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथा तो निर्बंध टिकविण्याची साधने आहेत, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. जात आणि स्त्रीचे दास्य यांचा संबंध इतक्या नेमकेपणाने दाखविणारे हे विवेचन आजही पदवी अभ्यासात मोलाचे आहे.

इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांची प्रदेशवार तुलना केली. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह ग्राह्य मानला जातो. उत्तर भारतात तोच विवाह बहुतेक ठिकाणी निषिद्ध ठरतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही जवळच्या नात्यातील विवाहाच्या निषेधाला रूढीचा अपवाद मान्य केला आहे. आपण जे "स्वाभाविक" समजतो ते केवळ आपल्या प्रदेशाची रीत आहे, हे विद्यार्थ्यास येथे प्रथम उमगते. ही जाणीव एकदा झाली की इतर रीतींकडेही तो चिकित्सक दृष्टीने पाहू लागतो.

एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरनजीकच्या रामपुरा या गावाचा अभ्यास १९४८ मध्ये केला. संस्कृतीकरण आणि प्रभावी जात या त्यांच्या संकल्पना जगभर मान्यता पावल्या. १९७० मध्ये स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत त्यांची संस्करण केलेली टिपणे जळाली. तेव्हा मुख्यतः स्मरणाच्या आधारे त्यांनी त्या गावावरील ग्रंथ लिहिला व तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. संख्या, जमीन आणि सत्ता या तिन्ही गोष्टी ज्या जातीच्या हाती एकवटतात ती त्या गावाची प्रभावी जात होते, हे त्यांचे प्रतिपादन पंचायत राज्याच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कार्यान्वित झाल्या. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा मिळाल्या व २०११ मध्ये राज्याने हे प्रमाण निम्म्यावर नेले. कायद्याने दिलेली जागा आणि समाजाने मान्य केलेला अधिकार यांत अंतर किती, हे मोजणे समाजशास्त्राचे काम आहे.

त्यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. ग्रामसभेच्या इतिवृत्तात उपस्थितांच्या सह्या असतात. कोण बोलले, कोणाच्या बोलण्यावर निर्णय झाला, कोण मागे बसले, कोणत्या वस्तीतून कोणीच आले नाही आणि सरपंचबाईंच्या ऐवजी त्यांचे पती उत्तरे देत होते काय, हे इतिवृत्तात नसते. वही घेऊन कोपऱ्यात शांतपणे बसलेला विद्यार्थी हे सारे टिपू शकतो. अशा चार सभांच्या नोंदी जुळविल्या तर गावातील सत्तेचे चित्र स्पष्ट होते.

एक प्रश्न, अनेक धागे : ऊसतोडणी आणि बालविवाह

सामाजिक प्रश्नाचे कारण एकेरी नसते, याचे ठळक उदाहरण मराठवाड्यात सापडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणी मजुरांचे तांडे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. तोडणीचा हिशेब "कोयत्या"वर चालतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून मिळणारी उचलही जोडीवर ठरते. एकट्या तरुणाला कोयता पुरा होत नाही. त्याचे लग्न झाले की घराची मिळकत वाढते. दुसरीकडे, वयात आलेल्या मुलीला सहा महिने गावी कोणाच्या भरवशावर ठेवावे, ही आईवडिलांची काळजी असते. फडावरील खोपीत तिला नेणेही सुरक्षित वाटत नाही. अशा स्थितीत तिचे लग्न लवकर उरकण्याकडे कल होतो.

बालविवाह हा अज्ञानाचा परिणाम आहे, असे मानणारा अधिकारी प्रबोधनाचा फलक लावील. कोयत्याचा हिशेब समजलेला अधिकारी फलकाबरोबरच हंगामी वसतिगृह, मुलीच्या शिक्षणाची सोय आणि उचलीच्या व्यवहाराचे नियमन यांचाही विचार करील. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा असून गावपातळीवर त्याची जबाबदारी ग्रामसेवकावर सोपविण्यात आली. तथापि ज्या लग्नात सारे गाव पंगतीस बसते त्याविरुद्ध एकट्याने उभे राहणे किती कठीण, हेही सामाजिक नियंत्रणाचे प्रकरण वाचलेल्या माणसास अधिक चांगले कळते. वर्गात बसलेल्या एखाद्या विद्यार्थिनीची धाकटी बहीण अशाच विवाहाच्या उंबरठ्यावर असू शकते. तिच्यासाठी हे प्रकरण परीक्षेतील प्रश्न नसते.

क्षेत्रकार्याची पद्धत

गावपाहणीची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुणे येथील कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये सरासरी सुमारे ४० एकर असलेले धारणक्षेत्र १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आल्याचे त्यांनी दाखविले. तेच गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत असून तेथे बहुमजली गृहसंकुले उभी आहेत. शंभर वर्षांपूर्वीची नोंद असल्यामुळेच हे परिवर्तन मोजता येते. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेने डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या पाहण्याही याच मालिकेतील होत.

पदवीच्या विद्यार्थ्याची पाहणी लहान असेल, परंतु ती काटेकोर असावी. प्रथम प्रश्न निश्चित करावा. "गावाचा अभ्यास" हा प्रश्न नव्हे, "दहावीनंतर मुलींचे शिक्षण कोणत्या घरांत थांबते?" हा प्रश्न आहे. त्यानंतर कुटुंबांची यादी करावी. समजा, गावात ४०० कुटुंबे आहेत व ४० निवडावयाची आहेत. तर पहिल्या दहांतून चिठ्ठीने एक क्रमांक काढून पुढे प्रत्येक दहावे कुटुंब घ्यावे. यादीत गावठाणाबाहेरील वाड्या, तांडे व पालेही आली पाहिजेत. अन्यथा रस्त्यालगतच्या पक्क्या घरांचेच मत गावाचे मत ठरते. ज्या घरांना कुलूप असेल ती सोडून पुढच्या घरी जाण्याचा मोह टाळावा. जानेवारीत कुलूप असलेली घरे बहुधा स्थलांतरित मजुरांची असतात. ती वगळली की गावातील सर्वांत गरीब माणसेच अहवालातून नाहीशी होतात.

प्रश्न विचारण्याचीही रीत आहे. "तुमच्या गावात अस्पृश्यता पाळतात काय?" असे विचारले तर उत्तर "नाही" असेच येते. त्याऐवजी पाणी कोठून भरता, लग्नाच्या पंगतीत कोण कोणासोबत बसते, अंत्यविधी कोठे होतात, मंदिराच्या विश्वस्तांत कोण आहेत, असे वस्तुस्थितीचे प्रश्न विचारावेत. सरपंचासोबत किंवा सरकारी गाडीतून गेलेल्या विद्यार्थ्यास मिळणारी उत्तरे निराळी आणि पायी जाऊन ओट्यावर बसणाऱ्यास मिळणारी निराळी असतात. सासूसमोर सुनेने दिलेले उत्तर आणि विहिरीवर दिलेले उत्तर यांतही फरक असतो. म्हणून मुलाखत कोठे, केव्हा व कोणासमोर झाली याची नोंद उत्तराइतकीच महत्त्वाची आहे.

माहिती देणाऱ्याचा विश्वास ही विद्यार्थ्याजवळील ठेव आहे. अहवालात नावे देऊ नयेत, एवढ्याने भागत नाही. लहान वस्तीत "गावातील एकमेव शिवणकाम करणारी विधवा" एवढे वर्णनही ओळख पटविण्यास पुरेसे होते. कर्ज, व्यसन, भाऊबंदकी किंवा आंतरजातीय विवाह यांसंबंधी सांगितलेली गोष्ट बाहेर फुटली तर त्याचे परिणाम सांगणाऱ्यास भोगावे लागतात. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून हे परिणाम किती तीव्र असू शकतात याची कल्पना येईल.

अध्यापनातील उणिवा

या विषयाच्या अध्यापनाची सद्यःस्थिती सर्वत्र समाधानकारक आहे, असे म्हणता येणार नाही. मूळ ग्रंथांऐवजी बाजारातील मार्गदर्शकांवर विसंबण्याची सवय विद्यार्थ्यांस लागते. प्रश्न ठराविक, उत्तरे ठराविक. मग गावाकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. दुसरी अडचण भाषेची. डॉ. घुर्ये, डॉ. श्रीनिवास आणि डॉ. आंबेडकर यांचे या विषयावरील मूळ लेखन इंग्रजीत आहे. मराठीत स. मा. गर्गे यांनी संपादिलेला भारतीय समाजविज्ञान कोश, मराठी विश्वकोश आणि विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने काढलेली पुस्तके यांनी मोठी उणीव भरून काढली. परंतु परिभाषा बोजड राहिली तर संकल्पना पाठ होते, समजत नाही. "आप्तसंबंध" शिकविताना भाऊबंद, सोयरे आणि पाहुणे यांतील भेद विचारला, तर विद्यार्थी स्वतःच अर्धा पाठ सांगू शकतो.

तिसरी अडचण अधिक गंभीर आहे. वर्गात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र बसतात. जातीवरील प्रकरण शिकविताना शिक्षक ते घाईने उरकतो, किंवा जात इतिहासजमा झाल्याप्रमाणे भूतकाळात बोलतो. काहींच्या घरचे अनुभव वेदनेचे असतात, काहींच्या घरी त्याच व्यवस्थेचे लाभ असतात. कोणाचाही अपमान न होता आणि कोणतेही सत्य न झाकता हा विषय हाताळणे ही शिक्षकाची कसोटी आहे. यासाठी आरोपाऐवजी निरीक्षणाचा मार्ग उपयोगी पडतो. गावाचा नकाशा काढून वस्त्या, पाणवठे, स्मशाने, शाळा आणि रस्ते त्यात दाखविण्यास सांगितले की पुष्कळ गोष्टी नकाशाच बोलतो.

पदवीनंतर

समाजशास्त्राच्या पदवीने विशिष्ट नोकरी मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. पालकांना ती भेडसावते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत हा वैकल्पिक विषय आहे. मुंबईत १९३६ मध्ये स्थापन झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी समाजकार्याचे पुढील शिक्षण घेता येते. शिक्षण, आरोग्य, महिला व बालविकास, ग्रामविकास, पाहणी व संशोधन या क्षेत्रांत पदवीधरास वाव आहे. मात्र त्यासाठी अनुसूची तयार करणे, मुलाखत घेणे, कोष्टके मांडणे आणि नेटका अहवाल लिहिणे ही कौशल्ये त्याने खरोखर आत्मसात केलेली असली पाहिजेत. केवळ गुणपत्रिका पुरेशी नाही.

पंचायती आणि महाविद्यालये यांनी येथे परस्परांस साहाय्य करावयास हवे. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा तयार करताना लागणारी पुष्कळशी माहिती महाविद्यालयाच्या क्षेत्रप्रकल्पातून मिळू शकेल. पंचायतीने आपली दप्तरे विद्यार्थ्यांस पाहू द्यावीत. शिक्षकांनी प्रश्न पंचायतीशी बोलून ठरवावेत, परंतु निष्कर्ष मात्र तिच्या सोयीने ठरवू नयेत. तयार झालेला अहवाल विद्यार्थ्यांनी ग्रामसभेत वाचून दाखवावा. ज्यांनी माहिती दिली त्यांना ती कोणत्या रूपात मांडली गेली हे कळणे, हा त्यांचा हक्क आहे. चूक झाली असल्यास ते तेथेच दुरुस्त करतील. गावाविषयीचा अहवाल गावासमोर टिकला, तर त्याहून मोठी परीक्षा कोणती?

राज्यातील खेडी झपाट्याने बदलत आहेत. शेताचे तुकडे, शहराची ओढ, शिकलेल्या मुलींच्या आकांक्षा आणि जुन्या रूढींचा अंमल हे सारे एकाच घरात एकाच वेळी नांदत आहे. या बदलाचे साक्षीदार असलेले हजारो तरुण दरवर्षी समाजशास्त्राच्या वर्गात येऊन बसतात. त्यांना आपले गाव वाचता आले, तर त्याचा लाभ त्यांच्या उपजीविकेइतकाच गावाच्या कारभारालाही होईल. तसे वाचन शिकविणे ही महाविद्यालयांची जबाबदारी आहे. आणि त्या वाचनातून जे निघेल ते ऐकून घेण्याची तयारी ठेवणे ही प्रशासनाची व पंचायतींची.